बोरीचा माल परत का येत नाही?

रिटायर माणसाच्या दोन गोष्टी आपोआप वाढतात, शुगर आणि किस्से! शुगरला गोळी आहे. किश्श्यांना ऐकणारा लागतो, आणि तो घरात मिळत नाही. बायको म्हणते, "हे मला मागच्या सोमवारी सांगितलंत." म्हणून आज तुम्हाला धरलंय. बसा.

मी बोरी गावात पोस्टमन होतो. पार्सल दिसलं की कोणाला आलं, कुठून आलं, दोरी कशी बांधलीय, हे बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. रिटायर झालो आणि हात एकदम रिकामे झाले. मग एका ऑनलाइन कंपनीचं पार्सल केंद्र गावात उघडलं आणि माझी सोय झाली. रोज सकाळी जाऊन तिथल्या बाकड्यावर बसतो. कंपनीचं नाव मात्र सांगणार नाही. नाव घेतलं की मोबाईल ऐकतो आणि दुसऱ्या दिवशी जाहिरात दाखवतो, असं आमच्या बाकड्यावरचे वाघमारे सर म्हणतात.

हे केंद्र गावात आलं कसं, तिथूनच सुरुवात करू.

* * *

आधी कंपनीचा डिलिव्हरीवाला जिंतूरहून मोटारसायकलवर यायचा आणि घरोघर फिरायचा. एकदा तो आमच्या बाबारावांच्या दारात उभा राहिला. बाबाराव म्हणजे गावातले मोठे शेतकरी. सोयाबीन, तूर, कापूस, आणि उरलेल्या वेळात मोबाईल! त्यांनी एक बॅटरी मागवली होती. ते शेतात, फोनला रेंज नाही, दारात त्यांची बायको, गया काकू.

"मावशी, हे घर कोणाचं?"

काकूंनी उंबऱ्याकडं बघितलं.

"मालकाचं नाव काय तुमच्या?"

काकूंनी पदर सारखा केला. नवऱ्याचं नाव त्यांनी आजवर फक्त उखाण्यात घेतलेलं. परक्या माणसापुढं, दारात उभं राहून, उखाणा कसा घ्यायचा?

"बाबाराव का?" त्यानं विचारलं.

"आता तुमी म्हणलात तर तसंच आसंल."

"तसं नाही मावशी, तुम्ही नाव सांगा. सिस्टिमला लागतं."

"मग सिस्टिमला म्हणावं सांजच्याला ये. तवा ते घरी आसतेत."

बॅटरी परत गेली. संध्याकाळी बाबारावांच्या मोबाईलवर मेसेज आला, 'ग्राहकाने ओळख नाकारली.' चाळीस वर्षांच्या संसारात बायकोनं पहिल्यांदा ओळख नाकारली, आणि तीही लेखी!

असं पाच-सात घरी झालं, तेव्हा कंपनीनं ठरवलं की दारोदार नको, गावात एक केंद्रच उघडू. ते मिळालं मीराताईंना. मीराताई लेडीज टेलर. पंधरा वर्षं त्या स्वयंपाकघरात, चुलीच्या मागं मशीन ठेवून शिवत होत्या. गिऱ्हाईक म्हणायचं, "ब्लाऊज झकास झालाय, पण ठेच्याचा वास येतोय." केंद्राचं कमिशन मिळायला लागलं तसा त्यांनी बसस्टँडजवळ गाळा भाड्यानं घेतला. एका भिंतीला पार्सलांचं रॅक, दुसरीला मशीन. दारावर 'मीरा लेडीज टेलर' असा बोर्ड. तो लावला त्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "काका, हे केंद्र हाय तवर गाळा हाय. केंद्र गेलं की मी अन् मशीन परत चुलीमागं."

त्या हसत म्हणाल्या होत्या. मला काही हसू आलं नाही.

* * *

मग बाबारावांच्या मुलीचं लग्न निघालं.

आमच्याकडं जांगड म्हणून एक पद्धत आहे. ओळखीचा कापडवाला साड्यांचं गाठोडं घरी पाठवतो. घरातल्या सगळ्या बाया बघतात, दोन ठेवतात, उरलेल्या परत. कापडवाला नाराज होत नाही. गया काकूंना कोणीतरी सांगितलं की मोबाईलवर मागवलेलं परत करता येतं.

"फुकट?"

"फुकट."

"मग ही जांगडच की!"

तीन जणांच्या मोबाईलवरून अठ्ठावीस साड्या मागवल्या. मीराताईंच्या गाळ्यात पाय ठेवायला जागा नाही. साड्या घरी गेल्या, सतरंजीवर पसरल्या, सगळ्यांनी बघितल्या. दोन ठेवल्या. सव्वीस परत!

परत करताना मोबाईल कारण विचारतो. माप चुकलं? रंग वेगळा? माल खराब? वाघमारे सर बटणं दाबायला बसले होते. ते म्हणाले, "खरं कारण ह्यात नाहीच. खरं कारण म्हणजे थोरल्या मामींनी नाक मुरडलं!"

आता गंमत पुढं आहे. जांगडीचं गाठोडं आमच्याकडं कोरडं परत पाठवत नाहीत. कापडवाल्याला लग्नाची पत्रिका आणि लाडू जातो. काकूंनी रीत पाळली. सव्वीस पाकिटांत सव्वीस पत्रिका आणि सव्वीस बुंदीचे लाडू!

आठ दिवसांनी कंपनीचा मेसेज आला, 'परत आलेल्या मालात अनोळखी पदार्थ आढळला आहे.'

काकू भडकल्या. "अनोळखी? बुंदीचा लाडू हाय! ह्यांच्यात कोणाची लग्नं झाली न्हाईत का?"

लग्नाला कंपनीकडून कोणी आलं नाही. मीराताईंना मात्र ताकीद आली. बोरी केंद्रातून माल फार परत येतो, असंच चाललं तर केंद्र बंद करू.

त्या दिवसापासून बाकड्यावर एकच चर्चा. साडी स्वस्त, आणणं फुकट, नेणं फुकट, मग ह्यांना परवडतं कसं? वाघमारे सर म्हणाले, "परदेशातून कोणीतरी पैसा ओततंय." बाबाराव म्हणाले, "ते बियाणंवाल्यासारखं हाय. पयल्या वर्षी फुकट वाटतेत. घरचं बियाणं संपलं की मग खरा भाव सांगतेत." मला दोन्ही पटलं आणि दोन्ही पटलं नाही. माझ्या नोकरीत तिकीट लावल्याशिवाय काही कुठं गेलं नाही. इथं तिकीट कोण लावतंय, हेच मला कळेना.

* * *

बाबाराव मोबाईल सोडणारे नव्हेत. त्यांनी ताडपत्री मागवली. चित्रात ताडपत्रीखाली अख्खी ट्रॅक्टरची ट्रॉली झाकलेली. पार्सल आलं, उघडलं, पसरली. गया काकूंनी ती टीव्हीवर टाकून बघितली. तिथं मापात बसली!

बाबारावांनी गाळ्यात बसूनच कस्टमर केअरला फोन लावला. स्पीकर चालू. तिकडून एक मुलगी एकदम गोड हिंदीत, "मैं आपकी क्या सहायता कर सकती हूँ?"

"सहायता क्या करते बाई, ताडपत्री मँगाया तो रुमाल भेजे तुम!"

"असुविधा के लिए खेद है, सर."

असा खेद तिनं चारदा व्यक्त केला. बाबाराव थकले. आणि आमच्याकडचा माणूस बोलणं खुंटलं की जे विचारतो, ते त्यांनी विचारलं. "बाई, गाव कोणता तुम्हारा?"

"सर, वो हम नहीं बता सकते."

"फिर भी?"

"नहीं सर."

"अरे, गाव तो होगा ना कुछ!"

तिकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग एकदम बारीक आवाजात, "पिंगळी."

"पिंगळी? आपली पिंगळी? परभणीजवळची? कोणाची गं तू?"

"काका, हळू बोला की. फोन रेकॉर्ड होयलाय."

आम्ही सगळे मोबाईलवर वाकलो. पोरगी भराभरा सांगायला लागली. "काका, माप लहान हाय म्हणू नका. माप म्हणलं की सिस्टिम गिऱ्हाईकाचीच चूक धरतंय. 'चित्रात दाखवली तशी न्हाई' म्हणा." बाबाराव तसं म्हणाले. एका मिनिटात पैसे परत मंजूर!

"काका, आता फोन ठेवला की मार्क विचारतेत. एक ते पाच. तेवढं नीट द्या. त्याच्यावर माझी दिवाळीची सुटी हाय."

बाबारावांनी बटण दाबलं आणि छाती फुगवून आमच्याकडं बघितलं.

"किती दिले?" वाघमारे सरांनी विचारलं.

"एक!"

"अहो, एक?"

"मग? गावाकडची पोरगी हाय, एवढं काम केलं. तिला काय पाचवा नंबर देऊ? पयला दिला!"

पाच मार्क सगळ्यात जास्त असतात, हे समजावलं तेव्हा त्यांचं तोंड बघवेना. आम्ही सात-आठ वेळा परत फोन लावला. दर वेळी दुसरंच कोणीतरी निघालं, आणि गाव कोणीच सांगितलं नाही. त्या पोरीची मला अजून हळहळ वाटते. दिवाळीत पिंगळीवरून गाडी गेली तेव्हा मी उगाच फलाटावरच्या पोरींकडं बघत होतो, सुटी मिळाली का हिला, म्हणून.

* * *

वाघमारे सर हायस्कूलला इंग्रजी शिकवतात. त्यांना पेनांचा शौक. त्यांनी मागवलेलं शाईपेन गळकं निघालं. बाबारावांसारखा फोन वगैरे सरांना मान्य नाही. त्यांनी इंग्रजीत तक्रार लिहिली. दोन तास बसून, पूर्ण पानभर. मला वाचून दाखवली. मला काही कळली नाही, पण ऐकायला भारदस्त होती.

सरांनी 'सेंड' दाबलं. चष्मा काढून पुसायला घेतला, तोवर उत्तर हजर! 'आम्ही आपले पत्र काळजीपूर्वक वाचले आहे.'

"कधी?" सर ओरडले. "मला लिहायला दोन तास लागले. ह्यांनी काळजीपूर्वक वाचलं कधी?"

त्यांनी उत्तराची प्रिंट काढली. त्यात तीन चुका सापडल्या. लाल पेनानं गोल केले, खाली लिहिलं, 'दहापैकी चार. पुन्हा लिहून आणा.' सही केली, तारीख टाकली आणि फोटो काढून कंपनीला पाठवला.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. माफी नाही, खुलासा नाही. 'खास आपल्यासाठी, लाल पेनांवर दहा टक्के सूट!'

आणि सरांनी ती पेनं मागवली हो!

* * *

इकडं मीराताईंना वेगळंच कुतूहल लागलं होतं. आम्हाला कंपनीचं पडलेलं, त्यांना कपडा शिवणाऱ्याचं. कोणाचंही कपड्याचं पार्सल उघडलं की त्या आधी तो उलटा करायच्या आणि शिवण बघायच्या.

"काका, हे बगा. हा कारागीर लय घाईत हाय. टाका कसा पळायलाय बगा. पण गळ्याला आला की हात सावकाश होतोय. ह्याचं मूळचं काम गळ्याचंच आसणार."

"तुम्हाला कसं कळतं?"

"हात कळतोय की. मागच्या महिन्यात त्या पिवळ्या कुडत्याला बी हाच हात होता. कुठं बसत आसंल हो हा माणूस? उजेड तरी आसंल का नीट?"

मी पाकीट उलटं-पालटं करून बघितलं. आमच्या वेळी पाठवणाऱ्याचं नाव मागच्या बाजूला असायचं. इथं नुसता गोडाऊनचा पत्ता. शिवणाऱ्याचं नाव कुठंच नव्हतं. मीराताई त्याच्याबद्दल असं बोलायच्या, जसा तो पलीकडच्या गल्लीतच राहतो आणि जरा जास्तच काम अंगावर घेतो.

अशात एक दिवस अंगणवाडीच्या बाई कुडता परत द्यायला आल्या. खांद्यात सैल, पोटात घट्ट. मीराताईंनी कुडता परत घेतलाच नाही. "कामून परत करता? गळा बगा किती निगुतीनं केलाय त्यानं. बसा, दोन टाक्यांचं काम हाय." दहा मिनिटांत कुडता असा बसला, की बाई तोच घालून अंगणवाडीत गेल्या.

झालं! गावभर बातमी. बाया पार्सल गाळ्यातच फोडायला लागल्या. मीराताईंनी कोपऱ्यात जुन्या साडीचा पडदा लावला. पार्सल फोडायचं, पडद्यामागं जाऊन घालून बघायचं, बाहेर येऊन दोन बोटं आत घ्यायची, घरी जायचं. तीन महिने झाले आणि बोरीतून एक चिंधीसुद्धा परत गेली नाही.

पण कंपनीचा पहिलाच नियम होता की केंद्रात पार्सल उघडू द्यायचं नाही. दुसरा नियम, केंद्रात दुसरा धंदा करायचा नाही. मी नियमात वाढलेला माणूस. मी म्हणालो, "ताई, हे नियमात बसत नाही."

"काका, अंगात कुडता बी बसत नव्हता. तो मी बसवला. नियमाचं तुमी बगा."

* * *

आम्हाला वाटलं, कंपनी खूश होईल. पुण्याहून फोन आला.

"तुमच्या केंद्रातून रिटर्न येत नाहीत."

"व्हय," मीराताई म्हणाल्या.

"का येत नाहीत?"

"मागं लय गेले तर तुमी रागावलात ना?"

"हो, पण शून्य कसे? शून्य आलं की आमची सिस्टिम लाल दिवा दाखवते. म्हणजे काहीतरी गडबड आहे. आम्ही माणूस पाठवतोय तपासणीला. नियम मोडलेला दिसला तर केंद्र त्याच दिवशी बंद होईल."

फोन ठेवला तरी मीराताईंचा हात मोबाईलवरच होता. बाकड्यावर आम्ही सगळं ऐकलं होतं. मग वाघमारे सर म्हणाले, "माल परत गेला तर तोटा, नाही गेला तर संशय. ह्यांना हवंय तरी काय?"

"थोडा थोडा तोटा," बाबाराव म्हणाले.

* * *

तपासणीचा दिवस. सकाळपासून आम्ही तिघं हजर. बाबारावांनी टेंपो आणला होता. "मशीन घालून माझ्या घरी नेऊ. पडदा काढा. साहेब गेला की परत आणू." मी पण मान डोलावली. खोटं सांगत नाही, नियमाचा माणूस असून मी मान डोलावली.

मीराताई म्हणाल्या, "पंधरा वर्षं चुलीमागंच होती. आता झाकणार न्हाई."

अकराच्या एसटीनं साहेब उतरले. तिशीतला माणूस, गळ्यात ओळखपत्र, हातात फॉर्म, अंगात कंपनीचा निळा शर्ट. चहाला नाही म्हणाले. खुर्चीवर बसले आणि सरळ विचारायला लागले.

"पार्सल इथंच उघडतात?"

आम्ही तिघं जमिनीकडं बघायला लागलो.

"उघडतेत," मीराताई म्हणाल्या.

"घालून बघतात?"

"बगतेत. तिथं, पडद्यामागं."

"आणि तुम्ही दुरुस्त करून देता?"

बाबाराव जोरात खोकले. काही उपयोग झाला नाही.

"देते."

"कंपनीची परवानगी?"

"न्हाई."

साहेब लिहीत होते. लिहिताना शर्टाची बाही कोपराखाली उतरून पेनावर यायची, ती ते मागं सारायचे, पुन्हा लिहायचे. फॉर्ममध्ये शेवटी दोन चौकोन होते. एक 'केंद्र चालू ठेवावे', दुसरा 'केंद्र बंद करावे'. मला माझ्या जागेवरून स्पष्ट दिसत होते. आयुष्यभर मी दुसऱ्याची कागदं उलटी वाचलेली आहेत. पेन त्या चौकोनांवर येऊन थांबलं. मीराताई मशीनच्या चाकावर हात ठेवून उभ्या होत्या.

साहेबांनी मान वर केली आणि आमच्याकडं बघितलं. "तुम्ही जरा बाहेर बसता का?"

आम्ही बाहेर बाकड्यावर आलो. वाघमारे सरांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "गेलं," बाबाराव म्हणाले. रस्त्यावर टेंपो उभाच होता.

मला काही राहवलं नाही. उठलो आणि दाराच्या कडेनं आत डोकावलो.

साहेब मशीनपुढं उभे होते, पाठ माझ्याकडं. शर्टाच्या खांद्याची शिवण पार दंडावर आलेली. मीराताई त्यांच्या मागं उभ्या राहून ती शिवण बघत होत्या.

"मी लेडीज टेलर हाय, साहेब."

"चालेल."

"दोन मापं मोठा हाय हो. कंपनीचाच शर्ट, तुमी कंपनीचेच. परत कामून न्हाई पाठवला?"

साहेबांनी रस्त्याकडं बघून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"तीनदा पाठवला, ताई. तिन्ही वेळा हाच आला."

मीराताईंनी डब्यातून टाचण्या घेऊन ओठांत धरल्या. साहेबांच्या हातात फॉर्म तसाच होता, दोन्ही चौकोन कोरे.

"ह्यात काय लिहू मग?" त्यांनी विचारलं. "बोरीचा माल परत का येत नाही, म्हणून?"

"नंतर लिवा," मीराताई टाचण्या सांभाळत म्हणाल्या. "आधी हात वर करा."

साहेबांनी फॉर्म मशीनवर ठेवला आणि दोन्ही हात वर केले.